नाव न घेता

डेस्मंड रोझनरनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तो फक्त चिंतनं लिहायचा.

सरकारी शाळेत एकतीस वर्षं समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. वर्गात कुणी ऐकलं नाही, त्याची भरपाई आता तो मंडळीच्या साप्ताहिक पत्रकातून करून घेत होता. मंडळी पुरोगामी ज्यूंची, एकशे चाळीस घरांची. कार्नेगी उपनगरात रेल्वेरुळांपलीकडच्या जुन्या स्काउट हॉलमध्ये भरायची. स्काउटांचा गाठी शिकवायचा तक्ता भिंतीवर तसाच होता. तो काढावा की वारसा म्हणून जपावा, यावर समितीत सहा वर्षं चर्चा चालू होती. पत्रक दर गुरुवारी दुपारी ई-मेलनं जाई आणि त्यात तोरा या धर्मग्रंथातल्या त्या आठवड्याच्या पाठावर कुणीतरी चिंतन लिही. पद्धत ठरलेली: वर मोझेस, खाली वर्तमानपत्र. अब्राहामच्या तंबूपासून निघायचं आणि निर्वासितांच्या छावणीवर उतरायचं. नोहाच्या तारवात चढायचं आणि वितळत्या हिमनगांपाशी पोचायचं. डेसला ही वाट डोळे मिटून चालता यायची. बरेचदा तो तशीच चालायचा.

एप्रिलमधला एक पाठ मात्र कुणालाच नको असे. अंगावरचे चट्टे, पू, गळणारे केस, घराच्या भिंतीला लागलेली बुरशी आणि ती तपासायला येणारा पुरोहित, असा सगळा मजकूर. ज्या बिचाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची दीक्षा त्या आठवड्यात पडे, तिच्या आईला लोक आधीच सांत्वनाचे फोन करत. जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यातूनही वाट काढून ठेवली होती: हा रोग नव्हेच, ही शिक्षा आहे, दुसऱ्याविषयी पाठीमागे बोलल्याची. बोललेलं खरं असलं तरी. किंबहुना खरं असलं तरच. खोट्यासाठी वेगळं कलम आहे.

डेसनं त्या आठवड्यासाठी आपणहून हात वर केला.

अडचण दाखल्याची होती. निंदेवरचे जुने दाखले सगळ्यांना पाठ. डेसला ताजा हवा होता. आणि देवाची करणी अशी, की पाठाच्या आठवडाभर आधी, स्प्रिंगव्हेलमध्ये निर्वासितांना फुकट इंग्रजी शिकवून परतताना, त्याला तो दाखला एका व्हिएतनामी बेकरीच्या काचेतून दिसला.

दाखल्याचं नाव गिझेला हालास. वय एकोणऐंशी. मंडळीत लहानथोर तिला ‘गिझी नेनी’ म्हणत. नेनी म्हणजे हंगेरियन लोकांची मावशी. मंडळीत रब्बी तीन बदलल्या, पंथाचं प्रार्थनापुस्तक दोनदा बदललं, पण बावीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, टेबलावर पाव गिझी नेनीचाच असे: खल्ला, सहा पदरी वेणीचा, वरून तकतकीत, निळ्या भरतकामाच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं तिच्या आईचं होतं. पावाची रीतही आईचीच, मिश्कोल्त्स गावाकडची. नवीन माणूस आला की त्याला आधी पाव खायला घालायचा आणि मग सभासदत्वाचा अर्ज पुढे करायचा, अशी समितीची युक्ती होती आणि ती सहसा फसत नसे.

बेकरीच्या काचेतून डेसला दिसलं ते एवढंच: गिझी नेनी काउंटरपाशी उभी आहे, आणि काउंटरमागची बाई गरम गरम वेणीचे तीन पाव त्या निळ्या फडक्यात बांधून देते आहे.

डेसनं कुणाला एक शब्द सांगितला नाही. त्यानं तो लिहिला.

“समजा,” असा परिच्छेद सुरू होत होता, “मला एक वयस्क बाई दिसल्या. त्यांच्या घरच्या पावाचं सगळ्यांना कौतुक. दिसल्या कुठे, तर स्प्रिंगव्हेलच्या व्हिएतनामी बेकरीत. आईच्या हातचं निळं भरतकाम असलेल्या फडक्यात विकतचा पाव बांधून घेताना. मी हे कुणाला सांगावं का? नाही. तोरा म्हणते, नाही. कधी कधी मौन हीच माणसाच्या हातची सर्वांत मोठी प्रार्थना असते.”

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्याचे डोळे किंचित पाणावले होते. हे मुद्दाम नोंदवून ठेवलं पाहिजे.

बायकोला वाचून दाखवायचं राहिलं. फ्रीडा हातांची फिजिओथेरपिस्ट होती आणि गुरुवारी तिच्याकडे संध्याकाळपर्यंत पेशंट असत. तिनं पत्रक उघडलं ते घरी आल्यावर, बटाटे सोलता सोलता.

“डेस, हे काय आहे?”

“आवडलं?”

“निळ्या भरतकामाचं फडकं मंडळीत किती जणींकडे आहे?”

“नाव कुठे घेतलंय मी?”

“नाव तेवढंच राहिलंय. तिचा फोन नंबर पण टाकायचास.”

“अगं, मी सांगू नये असंच तर लिहिलंय!”

“एकशे चाळीस घरांना.”

ती आणखी काहीतरी बोलणार होती. पण तिनं ओठ मिटून घेतले आणि उरलेले बटाटे इतके जाड सोलले, की त्या रात्री जेवायला सालंच जास्त होती.

तेवढ्यात मॉरीचा फोन आला. मॉरी ट्रोपर म्हणजे मंडळीचा खजिनदार, डेसचा जुना मित्र. “लेका, काय लिहिलंयस! जमलंय! बाई गिझीच ना?”

“मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही, मॉरी.”

“तेच तर! काय संयम आहे! मी आमच्या हिला म्हटलं, बघ, दुसरा असता तर सरळ नाव घेतलं असतं.”



दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गिझी नेनी आली. तिच्याकडे ई-मेल नव्हता, त्यामुळे तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं टेबलावर पाव ठेवला, फडकं उलगडलं, आणि मंडळी तिच्यावर मायेनं तुटून पडली. पुरोगामी माणसं, टोमणा मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. एकीनं तिचा खांदा दाबून सांगितलं, की विकत आणण्यात लाज कसली, आपण सगळेच माणसं आहोत. दुसऱ्यानं व्हिएतनामी बेकरीतून पाव घेणं हा दोन विस्थापित समाजांमधला संवाद आहे असं म्हटलं आणि तिला टाळी दिली. मॉरीनं पावाचा तुकडा तोंडात टाकून, “तरीपण चांगलाच आहे हं!” अशी पावती दिली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला डेस पेला हातात धरून उभा होता. गिझी नेनीनं एकेकाचं ऐकून घेतलं. मग पाव तसाच ठेवून, फक्त फडकं घडी करून पर्समध्ये घातलं, आणि आशीर्वाद म्हणायच्या आधी ती निघून गेली. पुढल्या शुक्रवारी आली नाही. त्याच्या पुढल्याही नाही.

डेसनं लगोलग चूक दुरुस्त केली. पुढच्या पत्रकात चौकटीत खुलासा छापला: ‘मागील चिंतनातील वयस्क बाई पूर्णतः काल्पनिक असून, त्यांचा मंडळीतील कोणत्याही व्यक्तीशी, विशेषतः ज्यांच्याशी तो जोडला जात आहे त्यांच्याशी, काहीही संबंध नाही.’ ज्या पंधरा-वीस घरांनी आधीचं चिंतन वाचलंच नव्हतं, त्यांनी मग ते शोधून वाचलं.

हिवाळाभर, दक्षिण गोलार्धात तो जून ते ऑगस्ट, शब्बाथच्या टेबलावर सुपरमार्केटचा कापलेला पाव आला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. त्यावर मेणबत्त्यांचा उजेड पडला, की पिशवीवरची मुदतीची तारीख स्पष्ट वाचता यायची.

*

ज्यूंचं नवं वर्ष सप्टेंबरच्या सुमारास येतं. त्याच्या आधीच्या महिन्यात माणसानं माणसाकडे जाऊन माफी मागायची असते. देवाविरुद्ध केलेलं पाप देव योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, माफ करतो. माणसाविरुद्ध केलेलं मात्र त्या माणसानं माफ केल्याखेरीज देवाकडे खटला उभाच राहत नाही. डेसनं यादी केली. आधी सोपी माणसं घेतली. दंतवैद्याची माफी मागितली, शेजाऱ्याची मागितली, एका माजी विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. त्याला डेस आठवत नव्हता. अकरा नावांवर फुली मारून झाल्यावर बारावं उरलं.

सप्टेंबर लागला होता आणि गिझी नेनीच्या रस्त्यावरच्या निलगिरीवर मॅगपायचं घरटं होतं. त्या दिवसांत ते पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या बांधतात. डेसनं अठरा बांधल्या होत्या. गिझी नेनीनं दार उघडलं, तेव्हा तिच्यासमोर साळिंदरासारखं डोकं घेतलेला एक माणूस फुलं घेऊन उभा होता.

“ते काढ,” ती म्हणाली. “की माफी मागताना मीही चोच मारेन अशी भीती आहे?”

त्यानं हेल्मेट काढलं. स्वयंपाकघरात बसायला तिनं खुर्ची दाखवली. फुलं घेतली नाहीत. ती त्याच्याच मांडीवर राहिली.

“गिझी नेनी, मी तुम्हाला दुखावलं. माझा हेतू–”

“हेतू राहू दे. मला एकच सांग. तुला बायकोनं सांगितलं का?”

“काय सांगितलं?”

 तिनं टेबलाखालचे हात वर घेऊन टेबलावर ठेवले. बोटं बाहेरच्या बाजूला वळली होती, जणू वाऱ्यानं एका दिशेला झुकलेली झाडं. सांधे सुजून अक्रोडाएवढे झालेले.

“अडीच वर्षं दर मंगळवारी तुझ्या फ्रीडाकडे जात होते. एप्रिलपर्यंत. मला वाटलं, तिनंच घरी तोंड उघडलं. मग मी जाणं बंद केलं.”

डेसच्या मांडीवरच्या फुलांचा कागद चुरचुरला. अडीच वर्षं. रोज संध्याकाळी एकाच टेबलावर जेवत होती दोघं. तो तिला निंदेवरची टिपणं वाचून दाखवायचा, आणि ती म्हणायची, मीठ दे.

“तिनं मला काहीही सांगितलं नाही,” तो म्हणाला. “अजूनही नाही.”

“म्हणजे मी पाच महिने एका चांगल्या बाईला मनात शिव्या घातल्या. हेही तुझ्याच खात्यावर.”

“हो.”

“आणि ती बेकरीवाली, लान. तुझा तो लेख मी मागाहून मिळवून वाचला. त्यात ती नुसती व्हिएतनामी आहे, नाव नाही तिला. बाकीच्यांना काय, दुकानात गेलं आणि पाव घेतला. अरे, लानला मी शिकवलंय तो पाव. दर गुरुवारी सकाळी तिच्या उरावर उभी राहून. घट्ट ओढ, सैल सोड, अंडं कमी लाव. हात तिचे, शिव्या माझ्या. माझ्या आईचाच पाव तो. तुला काय दिसलं? फडकं दिसलं.”

“हे तुम्ही त्या शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं असतं तर...”

“तर काय? सगळ्यांनी माझे हात बघायला मागितले असते. मॉरीनं ‘तरीपण चांगलेच आहेत’ म्हटलं असतं.”

डेस हसला आणि लगेच थांबला. तिला हसू आलेलं नव्हतं.

“मग... मला माफ कराल का?”

“नाही,” ती म्हणाली. “चहा घेणार?”

*

घरी येऊन त्यानं फ्रीडाला सांगितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“मंगळवारची तिची वेळ मी अजून कुणाला दिलेली नाही,” ती एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “मी त्या वेळेत शब्दकोडं सोडवते.”

नियम असा, की पहिल्यांदा माफी मिळाली नाही तर तीन माणसांना सोबत घेऊन जावं. डेस नियमाचा माणूस. त्यानं रब्बी अविवांना, मॉरीला आणि समितीच्या सचिव बाईंना घेतलं. रब्बी अविवा दोन मंडळ्या सांभाळत आणि गाडीत जेवत, त्या वाटेत म्हणाल्या, “डेस, हे करायलाच हवं का?”

“ग्रंथात स्पष्ट आहे, रब्बी.”

“ग्रंथात डाग तपासायला पुरोहित बोलवा, हेही स्पष्ट आहे. आपण त्वचातज्ज्ञाकडे जातो.”

पण तोवर बेल वाजवून झाली होती. दार उघडलं. गिझी नेनीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मॉरीच्या तोंडाकडे जरा जास्त, आणि हात एप्रनच्या खिशांत घातले.

“पुन्हा श्रोते घेऊन आलास,” ती म्हणाली.

डेसनं माफी मागितली. चांगली मागितली, मॉरीनं मान डोलावली, जणू मैफल ऐकतोय. गिझी नेनी ऐकत राहिली.

“दोन झाल्या,” ती म्हणाली. “नियम मलाही येतो. तिसऱ्यांदा मागितलीस आणि मी नाही म्हटलं, की तू सुटलास आणि पाप माझ्या डोक्यावर. बरोबर ना, रब्बी?”

“साधारण तसंच,” रब्बी अविवा पायांकडे बघत म्हणाल्या.

“मग तिसऱ्यांदा येऊ नकोस. ऐकलंस? एवढंच मागते. सुटू नकोस.”

दार हळूच बंद झालं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं डेसला वाटलं.

“तोडगा आहे,” मॉरी जिन्यात म्हणाला. “तू तिसरी टपालानं पाठव. सगळं मतदानच टपालानं चाललंय सध्या. बाईनं बाईशी लग्न करावं का, तेसुद्धा.”

“मॉरी,” रब्बी म्हणाल्या, “गप्प बसण्याचा प्रयत्न करून बघा. एकदा. गंमत म्हणून.”

*

त्या वर्षी योम किप्पूर आणि फुटबॉलची अंतिम लढत एकाच शनिवारी आली. उपाशी, पांढऱ्या कपड्यांतली, कापडी बूट घातलेली मंडळी दुपारपर्यंत अर्धीमुर्धी उरली, आणि जी उरली त्यांतली काही दर अर्ध्या तासानं स्वच्छतागृहात जाऊन फोनवर गुणफलक बघून येत होती. दुपारी योनाचं पुस्तक वाचायचं आणि त्यावर चिंतन करायचं. चिंतन डेसचं होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं.

सहा पानं तयार होती. डेसनं आयुष्यात लिहिलेलं सर्वोत्तम. पळून जाणाऱ्या संदेष्ट्याविषयी, आणि माशाच्या पोटातल्या लाजेविषयी, आणि ‘माझ्या ओळखीच्या एका माणसाविषयी’, ज्यानं चांगल्या हेतूनं एका बाईला दुखावलं. आदल्या दिवशी फ्रीडानं ती वाचली होती.

“हा माणूस कोण?” तिनं विचारलं होतं.

“काल्पनिक.”

“ती बाईपण काल्पनिकच होती.”

त्यानं ‘बाई’ खोडून ‘व्यक्ती’ केलं. वाकड्या बोटांचा उल्लेख मात्र ठेवला. तो काढला, तर लेखाचा कणाच जात होता.

तो व्यासपीठावर गेला, चष्मा लावला, पानं सारखी केली आणि समोर पाहिलं. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर गिझी नेनी होती. एप्रिलनंतर पहिल्यांदाच आलेली. योम किप्पूरला देवावर विश्वास नसलेलेही येतात. ती तर फक्त मंडळीवर विश्वास नसलेली होती. प्रार्थनापुस्तक मांडीवर मिटलेलं, आणि त्याखाली दोन्ही हात. दोन खुर्च्या सोडून फ्रीडा बसली होती. दोघी त्याच्याकडेच बघत होत्या.

डेसला पहिलं वाक्य दिसत होतं. चांगलं वाक्य होतं. त्याखाली दुसरं होतं, तेही चांगलं. पहिल्या पानाच्या तळाशी ती बोटं होती. एप्रिलमध्ये हेच केलं होतं, त्याला वाटलं. तेव्हा तिचा पाव वाढला, आता तिचे हात वाढायला काढलेत, सजवून, माझ्या लाजेच्या फडक्यात बांधून. कान तापले. मान तापली. जुना पुरोहित असता, तर त्यानं तिथल्या तिथे चट्टे मोजले असते.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाहेर कुठल्याशा घरातून मॅचचा आरडाओरडा आला.

एक मिनिट गेलं असेल, दोनही. डेसनं पानांची घडी केली, पुन्हा घडी केली आणि खिशात घातली. “मला काही सांगायचं नाही,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तेही निघालं नाही. तो खाली उतरला आणि जागेवर जाऊन बसला.

*

आकाशात तीन तारे दिसल्यावर शिंग फुंकलं गेलं आणि उपास सुटला. टेबलावर खारवलेले हेरिंग मासे, उकडलेली अंडी, संत्र्याचा रस आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला पाव. डेस कोपऱ्यात उभा राहून रस पीत होता. मॉरी सर्वांत आधी आला, डोळ्यांत पाणी घेऊन.

“लेका, काय केलंस ते! दोन मिनिटं! योना माशाच्या पोटात, आणि आपण सगळे त्या शांततेत! अंगावर काटा आला माझ्या.”

“मॉरी, ते तसं नव्हतं. मी–”

“नको, नको, समजावू नकोस. समजावलंस की मजा जाते.”

सचिव बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. हे मंडळीच्या इतिहासातलं सर्वांत धाडसी चिंतन होतं, आणि आजच्या या गोंगाटाच्या काळात त्याची केवढी गरज होती, असं त्यांचं मत पडलं. पुढल्या पत्रकात ते कसं छापावं यावर तिथल्या तिथे चर्चा सुरू झाली. एक कोरं पान सोडावं, असं कुणी सुचवलं. खाली नाव मात्र डेसचं हवं.

डेसनं दोनदा तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर का गप्प बसलो ते सांगावं लागणार. ते सांगायचं, तर कुणापायी ते सांगावं लागणार. त्यानं दोनदा तोंड मिटलं. “थँक्यू,” तो म्हणाला. “थँक्यू. तुमचा चांगुलपणा.” लोक रांगेनं येत राहिले, आणि प्रत्येक जण स्तुतीचा एक एक दगड त्याच्या हातात ठेवून हेरिंगकडे जात राहिला.

टेबलाच्या पलीकडे गिझी नेनी बसली होती. तिनं हे सगळं पाहिलं. मग तिनं मांडीवरचे हात वर काढले, सगळ्यांदेखत, आणि डेसकडे बघत टाळ्या वाजवल्या. त्या बोटांनी आवाज काही झाला नाही. पण ती हसत होती. खांदे हलेपर्यंत.

गर्दी पांगल्यावर तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं नाही एवढंच त्याला माहीत होतं.

“मागू नकोस,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

“बरोबर. पुढच्या वर्षी बघू. तोवर मी मेले, तर नियमाप्रमाणे तुला दहा माणसं घेऊन माझ्या कबरीवर यावं लागेल.” तिनं पिशवीतल्या पावाकडे तुच्छतेनं पाहिलं. “तुला काय, आवडेलच. दहा श्रोते.”

मग ती वळून फ्रीडाला म्हणाली, “मंगळवारची माझी वेळ कुणाला दिलीस का?”

“नाही,” फ्रीडा म्हणाली, आणि डेसला म्हणाली, “तू जरा लांब जा.”

तो लांब गेला. हॉलच्या टोकाला, गाठींच्या तक्त्याखाली जाऊन उभा राहिला, आणि त्या दोघी काय बोलतात ते ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर आपण आहोत ना, याची त्यानं दोनदा खात्री करून घेतली.